चाक बरं की पट्टा?

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हांला आठवत असेल. चांद्रयान-३ चा 'विक्रम' लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात अलगद टेकला आणि घराघरांत टाळ्या वाजल्या. काही तासांनी त्याच्या पोटातून एका उतरत्या फळीवरून एक छोटी गाडी खाली आली. सव्वीस किलोची, सहा चाकांची, 'प्रज्ञान' नावाची. त्या दिवसांत माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे आला होता. तो पोकलेन चालवतो. पोकलेन म्हणजे रस्त्यांच्या आणि तळ्यांच्या कामावर दिसणारं ते खोदाईचं मोठं यंत्र. त्याला चाकं नसतात, लोखंडी कड्यांचे पट्टे असतात. कामावरची माणसं त्याला चेन म्हणतात.

टीव्हीवर प्रज्ञानचं चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. ते बघून तो म्हणाला, "मामू, एवढा खर्च केला, मग हिला चेन का नाही बसवली? चाक मातीत बसतं. चेन बसत नाही."

आमचं बोलणं अर्थातच दखनीत झालं, इथं मी मराठीत सांगतोय. प्रश्न मात्र त्याच्या धंद्यातला होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. मी बी.ए. झालेला माणूस, शब्दांत रमलेला. चंद्रावर कविता पुष्कळ लिहिल्या, पण तिथली माती हातात घेतली तर कशी लागेल, याचा विचार कधी केला नव्हता. मग वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी पट्ट्याची बाजू. पट्टा म्हणजे गाडीनं स्वतःच आपल्या पुढ्यात अंथरलेला आणि मागून गुंडाळून घेतलेला रस्ता. चाक जमिनीला टेकतं ते तळहाताएवढ्या जागेवर, त्यामुळं गाडीचा सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो. पट्टा लांबच लांब टेकतो, भार वाटला जातो आणि जमीन खचत नाही. रणगाडा शेतातून, चिखलातून, खंदकावरून जातो तो याच गुणावर. म्हणजे माझा भाचा चुकीचं काही बोलत नव्हता. तरीही आजवर चंद्रावर आणि मंगळावर ज्या गाड्या प्रत्यक्ष फिरल्या, त्यांत पट्ट्यावरची एकही नाही. विचार झाला नाही असं नाही. मंगळावर १९७६ मध्ये दोन 'वायकिंग' उतरली, त्यानंतर तिसरं वायकिंग पट्ट्यांवर बसवून पाठवावं, असा प्रस्ताव होता. तो कागदावरच राहिला.

गंमत अशी, की चंद्रावर पहिली गाडी धाडली ती रणगाडे बनवणाऱ्यांनीच. लेनिनग्राडमध्ये रणगाड्यांवर संशोधन करणारी एक संस्था होती. १९६० च्या दशकात सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाच्या मंडळींनी तिथल्या अलेक्सांद्र केमुर्जियान या आर्मेनियन वंशाच्या इंजिनियरकडे चंद्रावरच्या गाडीच्या चाकाट्याचं काम सोपवलं. पट्ट्यांच्या विद्येत मुरलेली ही माणसं. त्यांनी पट्टा आणि चाक दोन्ही तपासले. त्या वेळी चंद्राची जमीन मऊ आहे की टणक, हेच नक्की ठाऊक नव्हतं. चंद्रावर धुळीचे खोल थर आहेत आणि उतरलेलं यान त्यात बुडून जाईल, असं सांगणारे मोठे शास्त्रज्ञ होते. धूळ तशी खोल असती, तर पट्ट्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ३ फेब्रुवारी १९६६ ला 'लुना-९' चंद्रावर उतरलं. ते बुडालं नाही. जमीन भार सोसते हे कळलं.

१७ नोव्हेंबर १९७० ला चंद्राच्या 'वर्षासागरा'त 'ल्युनोखोद-१' उतरली, तेव्हा तिच्या खाली पट्टे नव्हते, आठ चाकं होती. तारांच्या जाळीची, प्रत्येक सुमारे अर्धा मीटर व्यासाचं, जाळीवर टायटॅनियमच्या पट्टया ठोकलेल्या. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. माणूस नसलेली ७५६ किलोची ही गाडी क्रिमियात बसलेले चालक दूरदर्शनच्या पडद्याकडे बघून चालवत. तीन महिने चालावी अशी अपेक्षा होती, ती दहा महिने चालली आणि साडेदहा किलोमीटर फिरली. तिची बहीण 'ल्युनोखोद-२' १९७३ मध्ये ३९ किलोमीटर गेली.

या गाडीतल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली म्हणजे एखादं चाक जाम झालं तर काय, याची तजवीज. आठही चाकांच्या आसात थोडी स्फोटक दारू भरून ठेवलेली होती. चाक अडकलंच, तर पृथ्वीवरून हुकूम द्यायचा, दारू उडवायची, आस तोडायचा. चाक मोटरपासून सुटतं, नुसतं गरगरत राहतं आणि बाकीची चाकं गाडी ओढतात. प्रत्येक बाजूची दोन चाकं जागी असली तरी गाडी चालेल, असा हिशेब होता. दुसरी गोष्ट म्हणजे मागं लोंबणारं एक छोटं नववं चाक. त्याला मोटर नव्हती. गाडी खरोखर पुढं गेली तरच ते फिरायचं. मोटरची चाकं दहा फेरे फिरली आणि नववं चाक मात्र जागचं हललं नाही, तर समजायचं, की आपण पुढं जात नाही, खड्डा खणतोय.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा गप्प झाला. मग स्वतःच म्हणाला, "चेनमध्ये हे होणार नाही. एक पिन तुटली की अख्खी बाजू बसली." आणि मग त्यानं मला चेनचं दुखणं समजावलं. पोकलेनची चेन ढिली पडते, तेव्हा ग्रीस भरून तिला ताण द्यावा लागतो. दगड अडकला, वाकडं वळण घेतलं, की चेन उतरते. ती चढवायला दोन-तीन माणसं लागतात, पहारी लागतात, कधी दुसरं मशीन बोलवावं लागतं. एका कामावरून दुसऱ्या कामावर जायचं, तर पोकलेन ट्रेलरवर घालून नेतात, कारण लांब चालवली तर चेन झिजते. जेसीबीला चाकं असतात, ती आपली रस्त्यानं निघते. मी पुस्तकांत आठवडाभर जे शोधत होतो, त्यातलं निम्मं हा पोरगा रोज हातानं करत होता.

आता तीच चेन चंद्रावर नेऊन बघा. रबर चालत नाही. दिवसा तापून आणि रात्री शंभर अंशांहून कितीतरी खाली गोठून ते तडकेल. म्हणून पट्टा धातूचा करायचा, म्हणजे डझनावारी कडी आणि तितक्याच पिना. प्रत्येक पिनेत घर्षण. साधं वंगण हवा नसलेल्या पोकळीत टिकत नाही, थंडीत दगड होतं. आणि धूळ! चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून तिथल्या कणांच्या कडा कधी झिजलेल्याच नाहीत. आपल्या नदीची वाळू हातात घेतली तर गोलसर लागते. चंद्राची धूळ म्हणजे कुटलेली काच. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांना ती अशी चिकटली, की झटकून निघेना. ही पूड दाते आणि कडी यांच्यामध्ये शिरली, तर चेन उतरवायला दगडाचीही गरज नाही. चाकाला मात्र मोटर आणि तिचे दाते एका बंद डबीत ठेवता येतात. उघडं राहतं ते फक्त चाक, आणि त्याला झिजण्यासारखा दुसरा भाग नाही.

शिवाय ताकद कुठून आणायची? मंगळावरच्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या गाड्या सूर्यप्रकाशावर चालायच्या. उत्तम दिवशीही त्यांची वीज आपल्या मिक्सरला दिवसभर पुरली नसती. ती वीज पट्ट्याची कडी दुमडण्यात आणि उलगडण्यात घालवणं कुणाला परवडणार? पट्ट्याची गाडी वळवायची, तर एक बाजू थांबवून दुसरी फिरवावी लागते, म्हणजे सगळा पट्टा जमिनीवर आडवा घासत जातो. ल्युनोखोदही अशीच वळायची, ते तिचं रणगाड्याचं माहेर. मंगळावरच्या गाड्यांची कोपऱ्यांतली चारही चाकं मात्र आपापली वळतात. गाडी जागच्या जागी गिरकी घेते.

आता जरा मातीकडे वळू, कारण खरी मेख तिथं आहे. पोलंडमध्ये जन्मलेले मेचिस्वाव बेकर नावाचे एक संशोधक होते. गाडी आणि माती यांचं नातं काय, यावर त्यांनी शास्त्रच उभं केलं. १९५६ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पुढं अमेरिकेत अपोलोच्या चांद्रगाडीच्या कामात त्यांचा वाटा होता. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं सांगता येईल. जमीन गाडीला धरून ठेवते ती दोन जोरांवर. एक मातीचा चिकटपणा, दुसरं कणाकणांतलं घर्षण. चिकटपणाचा फायदा जेवढी जागा टेकली असेल तेवढा मिळतो. घर्षणाचा फायदा जेवढं वजन असेल तेवढा. आपली काळी माती चिकट. तिथं पट्ट्याची मोठी बैठक कामाला येते. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ नाही, तिथं सगळं काम घर्षणाचं, म्हणजे वजनाचं. तिथं पट्टा लांबवून पकड फारशी वाढत नाही. तो बुडू देत नाही, एवढंच. चंद्राची माती किंचित चिकट असते, पण बरीचशी कोरड्या पुडीच्या वळणाची. त्यात चंद्रावर वजन सहावा भाग, मंगळावर अडीचावा भाग उरतं. हलकी गाडी आधीच कमी बुडते, मग पट्ट्याचा मुख्य गुणही तितका मोलाचा राहत नाही. आणि पट्ट्यासाठी लादलेला प्रत्येक किलो रॉकेटला उचलावा लागतो, तो वेगळाच.

बेकर यांच्याबरोबर काम करणाऱ्या फेरेन्त्स पावलिक्स या हंगेरियन इंजिनियरच्या मंडळींनी अपोलोसाठी जे चाक केलं, ते तर बघण्यासारखं आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा विणून केलेलं जाळीचं टायर. पियानोला लागते तसली तार. जमिनीवर टेकलं की ते दबतं, पसरतं, आणि थोडा वेळ का होईना पट्ट्यासारखं वागतं. १९७१ आणि १९७२ मध्ये अशा तीन गाड्या चंद्रावर चालल्या आणि तिथंच राहिल्या. पण त्यांच्यावर माणसं बसली होती. 'अपोलो-१७' च्या गाडीचा चिखलरोधक तुटला, धूळ अंगावर उडू लागली, तेव्हा अंतराळवीरांनी नकाशाचे कागद चिकटपट्टीनं जोडून नवा चिखलरोधक केला आणि गाडी हाकली. माणूस जवळ असला की दुरुस्ती होते.

मंगळावर माणूस नाही. म्हणून 'स्पिरिट'ची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो.

स्पिरिट जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. सहा चाकं, प्रत्येकाला स्वतःची मोटर. चाकांना जोडणारे दांडे असे, की एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची पाच जमिनीवर टेकलेली राहावीत. हा सांधा नासाच्या जेपीएल या संस्थेतल्या डॉन बिकलर यांनी काढला. १९९७ च्या 'सोजर्नर' या साडेदहा किलोच्या इवल्या गाडीपासून 'प्रज्ञान'पर्यंत तीच मांडणी चालत आली आहे. स्पिरिटला तीन महिने काम करायचं होतं. मार्च २००६ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उलटून गेल्यावर, तिच्या उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाची मोटर मेली. चालकांनी गाडी उलटी फिरवली आणि ते मेलेलं चाक मागं फरपटत नेत ती रिव्हर्समध्ये चालवू लागले. पाय लचकलेला बैल जसा एक पाय ओढत चालतो, तशी ती चालली. चालली म्हणजे एक-दोन दिवस नव्हे, तीन वर्षं.

आणि त्या लंगड्या चाकानंच कमाल केली. फरपटताना ते जमिनीत नांगरासारखं तास पाडत जायचं. २००७ मध्ये त्या तासातून पांढरीशुभ्र माती वर आली. तपासली तर जवळजवळ शुद्ध सिलिका निघाली. अशी सिलिका गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी किंवा वाफेच्या छिद्रांपाशी साठते. म्हणजे कधीकाळी मंगळावर तिथं गरम पाणी किंवा वाफ होती. धडधाकट चाक त्या मातीवरून निघून गेलं असतं.

पुढं १ मे २००९ च्या सुमाराला स्पिरिट अशा जागी गेली, जिथं वर पापुद्रा होता आणि खाली सैल, गंधकाच्या क्षारांची भुसभुशीत वाळू. पापुद्रा फुटला, चाकं तुंब्यापर्यंत आत गेली. जेपीएलमध्ये तशीच माती कालवून, तिच्यात जुळी गाडी रुतवून महिनोन् महिने प्रयोग झाले. तेवढ्यात वर्ष संपता संपता आणखी एक चाक गेलं. हिवाळा आला. सूर्याकडे पाठ कलती करता आली असती तर वीज मिळाली असती, पण हलताच येत नव्हतं. २२ मार्च २०१० ला तिचा शेवटचा संदेश आला. कर्णाच्या रथाचं चाक धरणीनं गिळलं, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण कर्ण निदान खाली उतरून चाकाला हात तरी लावू शकला.

इथं भाच्यानं मला पकडलं. "बघा, मी काय म्हणत होतो? चेन असती तर रुतली नसती."

त्याचं म्हणणं मी सरळ फेटाळणार नाही. त्या पापुद्र्यावरून पट्ट्याची गाडी कदाचित निघून गेली असती. पण ती तिथवर पोचली असती का? पट्ट्याची गाडी म्हणजे दोन पट्टे आणि दोन मोटरी. मार्च २००६ मध्ये मोटर मेली ती पट्ट्याची असती, तर स्पिरिट त्याच दिवशी एका जागी गोल गोल फिरत बसली असती. पुढची तीन वर्षं नाहीत, पांढरी माती नाही, आणि रुतायलाही ती शिल्लक नाही. गाडी सगळं ठीक असताना किती चांगली चालते, हा प्रश्न पृथ्वीवर विचारायचा. जिथं मिस्त्री येऊ शकत नाही, तिथं पहिला प्रश्न असा, की मोडल्यावर ती किती चालते. रणगाडे बनवणाऱ्या केमुर्जियान यांनी चाक निवडलं आणि आसात दारू भरली, त्यामागं मला हेच दिसतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला, तेव्हा छपरावरचा किरणोत्सारी कचरा ढकलायला त्यांच्या माणसांनी ल्युनोखोदच्या धर्तीवरच यंत्रं बनवून दिली. तिथंही माणूस जाऊ शकत नव्हता, आणि तिथंही त्यांनी चाकंच लावली.

चाकाची तरफदारी करताना त्याचे दोष लपवायचं कारण नाही. ऑपॉर्च्युनिटी २००५ मध्ये वाळूच्या एका बुटक्या लाटेत पाच आठवडे अडकून पडली होती. ती सुटली आणि पुढं २०१८ पर्यंत एकूण ४५ किलोमीटर चालली. 'क्युरिऑसिटी'चं दुखणं वेगळं. २०१२ मध्ये उतरलेली ही जवळजवळ नऊशे किलोची गाडी. तिची चाकं अ‍ॅल्युमिनियमच्या अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेली, पण वजन वाचवण्यासाठी मधली कातडी फक्त पाऊण मिलिमीटर जाड. वर्षभरात तिला भोकं पडू लागली. तिथले दगड वाऱ्यानं तासून धारदार झालेले आणि जमिनीत घट्ट रुतलेले. चाक चढलं तरी दगड सरकत नाही, वरून मागची चाकं पुढच्याला ढकलतात, आणि टोक आरपार जातं. मग वाळूच्या वाटा शोधून, कधी उलटं चालवून, आणि २०१७ पासून प्रत्येक चाकाचा वेग दगडाप्रमाणं कमी-जास्त करणारी आज्ञावली पाठवून तिला सांभाळलं गेलं. फाटक्या चाकांनी तिनं ३५ किलोमीटरांहून जास्त पल्ला गाठला. २०२१ मध्ये उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स'ला जाड कातडीची, अरुंद आणि दुप्पट दातऱ्यांची चाकं दिली, ती या शिकवणुकीतून.

आपल्या प्रज्ञानच्या तयारीतही मातीचा विचार होता. चंद्रासारखी माती इस्रोला हवी होती. ती तामिळनाडूत, नामक्कल जिल्ह्यातल्या काही गावांच्या खडकात सापडली. तो खडक दळून बंगळुरूला नेला आणि चांद्रयान-२ च्या वेळेपासून त्याच्यावर चाचण्या झाल्या. प्रज्ञानचा वेग सेकंदाला एक सेंटीमीटर, म्हणजे गोगलगायीच्या जातीचा. २७ ऑगस्ट २०२३ ला तिच्यापुढं चार मीटर रुंदीचा खड्डा आला. तीन मीटर अलीकडंच तो दिसला, गाडी मागं फिरवली आणि दुसऱ्या वाटेनं नेली. शंभर मीटरांवर थोडी चालली आणि चांद्ररात्र येण्याआधी सप्टेंबरच्या सुरुवातीला तिला झोपवलं. मला वाटतं, त्या गतीत भित्रेपणा नाही. ज्याला हात देणारं कुणी नाही, त्यानं असंच चालावं.

युरोपची 'रोझालिंड फ्रँकलिन' नावाची गाडी २०२८ मध्ये मंगळाकडे निघायची आहे. रशियाबरोबरचं सहकार्य युक्रेन युद्धामुळं तुटलं आणि तिचं २०२२ चं उड्डाण हुकलं. तिलाही सहा चाकंच आहेत, लवचीक धातूची, दबणारी. पण त्यात एक नवी सोय आहे. वाळूत रुतली, तर ती चाकं नुसती फिरवत बसणार नाही. ज्या दांड्यांवर चाकं बसवली आहेत ते दांडेही हलतात, त्यामुळं चाकं आळीपाळीनं पायासारखी पुढं टाकत ती चालू शकते. फोनवर मी हे भाच्याला सांगितलं. पलीकडून मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "म्हणजे म्हैस डबऱ्यातून निघते तशी. एकेक पाय उपसत."